दगडावरचं वाक्य

विनय ढमढेरेने आयुष्याची आठ वर्षं ज्या माणसाला दिली, त्याचं नाव पुण्यात सोडाच, जर्मनीतही फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. कास्पार रॉइटर. थुरिंगियाच्या डोंगरांत हाइनरोडा नावाचं एक खेडं आहे, तिथल्या गाडीवानाचा हा मुलगा. अडीचशे वर्षांपूर्वी तो अमेरिकेत शिपाई म्हणून गेला आणि पुढे तिथल्या विधिमंडळात निवडून आला.

विनयने पुण्यात एम.ए. करताना शिंद्यांच्या फौजेतल्या युरोपी अधिकाऱ्यांचा अभ्यास केला होता. पगार देईल त्याच्यासाठी लढणारी ती परमुलखातली माणसं त्याच्या डोक्यातून जाईनात. त्याच ओढीने तो येनाच्या विद्यापीठात आला. तिथले प्रोफेसर म्हणाले, "तुमच्या देशात आलेले बघितलेत, आता आमच्या देशातून गेलेले बघा." जर्मन संस्थानिकांनी इंग्लंडच्या राजाला सैन्य भाड्याने दिलं होतं, अमेरिकेतलं बंड मोडायला. त्या सैनिकांच्या याद्या चाळताना विनयला कास्पार सापडला आणि मग त्याने काही विनयला सोडलं नाही.

कास्पारची गोष्ट होतीही तशीच. तो चोवीस वर्षांचा असताना, बापाची गाडी घेऊन कासेलच्या रस्त्याने निघाला होता. वाटेत एका खाणावळीत सैन्यभरती करणारे बसलेले होते. त्यांनी त्याला पाजलं. सकाळी जाग आली तेव्हा अंगावर निळा कोट होता आणि दाराशी पहारा. गाडी-बैल कुणीतरी गावाकडे परत धाडले. घरी त्याची बायको आना आणि दोन वर्षांची मुलगी लिझबेथ होती. त्यांना गाडी दिसली, गाडीवान दिसला नाही.

अमेरिकेत उतरल्यावर काही महिन्यांतच, ऐन नाताळच्या दुसऱ्या दिवशी ट्रेंटनला त्याची पलटण पकडली गेली. कैद्यांना पेनसिल्व्हेनियातल्या शेतांवर कामाला लावलं. तिथले शेतकरीही मूळचे जर्मनच. कास्पारला त्या मुलखात पहिल्यांदा पोटभर जेवायला मिळालं. दोन वर्षांनी तो ज्यांच्याविरुद्ध लढायला आला होता त्यांच्याच सैन्यात शिरला, आणि लढाई संपली तेव्हा कॅप्टन होता. ज्याच्या शेतावर कैदी म्हणून राबला, त्याच्याच मुलीशी, बार्बराशी त्याने लग्न केलं होतं. रॉइटर आडनावाचं रायडर झालं. मग गावचा न्यायाधीश, मग विधिमंडळ, तेही तीन वेळा. इंग्रजी त्याला शेवटपर्यंत धड आलं नाही, पण बोलायला उठला की सभागृह गप्प व्हायचं. दारू पाजून भरती करण्याविरुद्ध तो भांडला. आणि सगळ्यांत जास्त भांडला तो सैनिकांच्या बायकांसाठी. नवरा मेलेल्या, हरवलेल्या, परत न आलेल्या बायकांना सरकारने सांभाळलं पाहिजे, असा कायदा त्याने जवळजवळ एकट्याच्या जोरावर करून घेतला. त्या वेळच्या भाषणातलं त्याचं एक वाक्य टिकून राहिलं: "युद्धाने मागे टाकलेल्या बाईवर दुसऱ्याच्या दारात उभं राहायची वेळ येऊ नये."

विनयच्या प्रबंधात कास्पारच्या राजकारणावर तीन प्रकरणं होती. आनावर अर्धं पान. नवरा सोडून गेला म्हणून चर्चने तिला नऊ वर्षांनी दुसऱ्या लग्नाची परवानगी दिली, एवढंच कागदांत होतं आणि तेवढंच त्याने लिहिलं होतं.

डॉक्टरेट मिळाली, मग त्याच विषयावर एक प्रोजेक्ट मिळाला, आणि आता प्रोजेक्टचा फरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, सप्टेंबरात संपत होता. पुढचा करार नव्हता. विनय एकोणचाळीस वर्षांचा झाला होता. त्याची बायको संपदा फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड होती. नऊ वर्षांची स्वराली तिच्याजवळ असायची. विनय दर शुक्रवारी येनाहून निघायचा, एरफुर्टला गाडी बदलायचा, फ्रँकफर्टला एस-बान लोकल पकडायचा आणि घरी पोचेपर्यंत त्याच्यात बोलायचंही त्राण नसायचं. रविवारी दुपारी परत निघायचा. सुरुवातीला हे एका वर्षाचंच आहे असं दोघांनी ठरवलं होतं. मग ते ठरवणं कधीतरी बंद पडलं.

मार्च महिन्यात हाइनरोडाच्या बुर्गरमाइस्टरांचा, म्हणजे गावच्या नगराध्यक्षांचा, फोन आला. श्टोल्त्से त्यांचं नाव. मोठ्या उत्साहाचा माणूस. अमेरिकेला यंदा अडीचशे वर्षं होतायत, तर गावाने आपल्या सुपुत्राचं स्मारक उभारायचं ठरवलंय. चौकात मोठा दगड, त्यावर ते प्रसिद्ध वाक्य. पेनसिल्व्हेनियाहून पाहुणे येणार. मुख्य भाषण हेर डॉक्टर ढमढेरेंनी करावं, कारण कास्पारबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

विनय त्यांना भेटायला गेला. श्टोल्त्सेंनी त्याला गावातली जुनी शाळा दाखवली. तिथे जिल्ह्याच्या मदतीने छोटं संग्रहालय होणार होतं.

"आणि संग्रहालयाला प्रमुख लागेल," ते म्हणाले. "कायमची जागा. मी एकटा ठरवत नाही, पण माझ्या शब्दाला वजन आहे. तुम्ही अर्ज कराच."

विनयने आठ वर्षांत 'कायमची' हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

निघताना श्टोल्त्से म्हणाले, "आल्झो, तर एकच गोष्ट. ते पहिल्या बायकोचं प्रकरण. पुस्तकात असू दे, पुस्तकं कोण वाचतं? पण त्या दिवशी नको. पाहुणे दुसऱ्या बायकोच्या वंशातले, त्यांच्या आजी-पणजींचा प्रश्न आहे. आणि हो, हाबरमान बाईंकडून काही आमंत्रण आलं तर जाऊ नका. जरा विक्षिप्त आहेत. दगडाविरुद्ध दोन पत्रं पाठवून झालीत त्यांची."

"कोण हाबरमान?"

"आमच्या गावच्या दातांच्या निवृत्त डॉक्टर. त्या आनाच्या वंशातल्या म्हणवतात स्वतःला."

विनय येनाला परतला तो हेच घोकत. आनाच्या वंशातलं कुणी गावात जिवंत आहे, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मुलीकडून मुलीकडे घराणं गेलं होतं, दर पिढीला आडनाव बदललं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याने कधी शोधलंच नव्हतं. त्याला माणसं कागदांत शोधायची सवय होती.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी एश्बॉर्नच्या घरात त्याने भाषण संपदाला वाचून दाखवलं. ती बैठकीच्या खोलीत स्टँडवर कपडे वाळत घालत होती. खोलीचा अर्धा भाग त्या स्टँडनेच भरला होता.

"वाच तू, ऐकतेय मी," ती म्हणाली.

त्याने वाचलं. खाणावळ, निळा कोट, ट्रेंटन, शेत, विधिमंडळ. शेवटी ते वाक्य.

संपदाच्या हातात स्वरालीचा एक मोजा होता. दुसरा सापडत नव्हता. ती तशीच थांबली.

"ते शेवटचं परत म्हण."

"‘युद्धाने मागे टाकलेल्या बाईवर दुसऱ्याच्या दारात उभं राहायची वेळ येऊ नये.’ हेच दगडावर कोरलंय."

"आणि त्याची स्वतःची बायको? ती कुणाच्या दारात उभी राहिली?"

"ते नाही घेतलं. श्टोल्त्से नको म्हणतायत. शिवाय तिच्याबद्दल फार काही मिळतच नाही गं."

"आठ वर्षांत?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. विनय जरा चिडून म्हणाला, "कागद नाहीत तर मी काय करू? नऊ वर्षं वाट बघितली तिने, मग दुसरं लग्न केलं. एवढंच आहे."

"वाट बघितली असं कुठे लिहिलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की घरात दोन वर्षांचं पोर आहे, बैल आहेत, सासरा आहे. वाट कधी बघेल ती? वाट बघतंय कुणीतरी असं जाणाऱ्याला वाटत असतं." तिने मोजा वाळत घातला. "ती कामं करत होती, विनय. नऊ वर्षं ती कामं करत होती."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुला आपल्याबद्दल काही म्हणायचंय का?" त्याने विचारलं.

"नाही. मला त्या बाईसारखं करू नकोस हं. मी काही कुणी बिचारी नाहीये. तू दर शुक्रवारी येतोस, मला माहितेय." ती सोफ्याच्या हातावर टेकली. "मी फक्त दमलेय. तुला ती कायमची जागा मिळाली तर आनंदच आहे. पण मग तू कायमचा तिकडे, आणि मी कायमची इथे. याचा विचार केलायस?"

"केला नाही."

"मीही नाही केला. आणि आज करणारही नाहीये. बाथरूममध्ये मशीन संपलंय, त्यातले कपडे आण."

तेवढ्यात स्वराली पोहण्याच्या क्लासहून आली. पिशवी दारातच टाकून जमिनीवर आडवी झाली. विनयने मराठीत विचारलं, "काय गं, कसा झाला क्लास?"

"पापा, इश बिन म्यूडे," ती डोळे मिटूनच म्हणाली. दमलेय.

"सगळेच," संपदा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या आठवड्यात विनय हाइनरोडाला गेला, पण श्टोल्त्सेंकडे नाही. फ्राउ हाबरमानचं घर चर्चच्या मागे होतं. ऐंशी उलटलेली, उंच, सरळ पाठीची बाई. दार उघडल्यावर त्यांनी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग तो हसला तेव्हा दातांकडे.

"खालची दाढ काढून टाका," त्या म्हणाल्या. "आत या, हेर डमडेरे. फार वर्षं लावलीत यायला."

त्यांनी स्वयंपाकघरात बसवलं, रुबार्बचा केक कापला. विनयने माफी मागितली, की वंशज आहेत हेच माहीत नव्हतं. त्यांनी हाताने ते उडवून लावलं.

"आमच्या घराण्यात कास्पार नाव ठेवत नाहीत, एवढी एकच रीत आहे. बाकी आम्ही त्याची आठवण काढत नाही. माझी आजी मात्र आनाची एक गोष्ट सांगायची. तिला तिच्या आजीने सांगितलेली. कागद नाहीये माझ्याकडे, आधीच सांगते. तुम्हा लोकांना कागद लागतो."

"सांगा," विनय म्हणाला.

"नवरा गेल्यावर आनाने गाडी स्वतः हाकायला सुरुवात केली. बाई बैल हाकते म्हणून गावाने नाकं मुरडली. माल मिळावा म्हणून ती गिरणीवाल्याच्या दारात, पाद्र्याच्या दारात, सगळ्यांच्या दारात उभी राहिली. लहान मूल गाडीत पोत्यांवर झोपवायची. मग गावातल्या खाणावळीच्या मालकाने तिच्याशी लग्न केलं. वयस्कर होता, बरा होता. तोही काही वर्षांनी गेला आणि खाणावळ हिच्याकडे आली. लिझबेथ सतरा-अठरा वर्षांची झाली तेव्हा एक माणूस आला. अमेरिकेहून परतलेला, कास्पारच्या पलटणीतला. म्हणाला, तो जिवंत आहे. मोठा झालाय, जमीन आहे, कायदे करतो. आणि त्याला मुलगी हवी आहे. तिकडे पाठवून दे, तिचं सोनं होईल."

"मग?"

"आनाने त्याच्यासाठी सूप वाढायला सांगितलं. तो खात असताना म्हणाली, त्याला सांग, मुलगी तापाने गेली, तिसऱ्याच वर्षी." फ्राउ हाबरमाननी सुरी खाली ठेवली. "सूप कोण वाढत होतं माहितेय? लिझबेथच. ती बाजूलाच उभी होती पळी घेऊन."

विनयच्या हातातला काटा तसाच राहिला.

"ती काही बोलली नाही?"

"आजी म्हणायची, लिझबेथने त्याला आणखी एक पळी वाढली. बस." त्यांनी त्याच्या ताटलीकडे बोट दाखवलं. "खा तुम्ही. तर मी श्टोल्त्सेला म्हटलं, दगड बसव, माझी हरकत नाही. माणूस मोठा असेलही. पण ते वाक्य नको. दुसरं काहीही कोर. तर म्हणाला, कोरून झालंय."

परतीच्या बसमध्ये विनयने डोळे मिटून घेतले. त्याला आनंद व्हायला हवा होता. संशोधकाला अशी गोष्ट आयुष्यात एकदा सापडते. पण त्याला फक्त जड वाटत होतं. पुराव्याने सिद्ध न होणारी गोष्ट होती ती. सांगितली तर जागा जाणार. नाही सांगितली तर कुणालाही काहीही कळणार नव्हतं.

समारंभ जूनच्या शेवटच्या शनिवारी होता. संपदा आणि स्वरालीही आल्या. चौकात बँड वाजत होता, एका बाजूला सॉसेज भाजत होते, दगडावर पांढरं कापड होतं. जिल्ह्याचे अधिकारी पहिल्या रांगेत होते. पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या पाहुण्यांत एक मिसेस लोइस रायडर होत्या, निवृत्त नर्स, कास्पार आणि बार्बराच्या वंशातल्या. पाहुण्यांना भाषणं इंग्रजीत सांगायला गावातली एक तरुणी शेजारी बसली होती. फ्राउ हाबरमान अगदी मागे, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या.

कापड काढलं. टाळ्या झाल्या. विनय माइकसमोर आला. त्याच्याकडे छापलेलं भाषण होतं, श्टोल्त्सेंना आवडलेलं. आदल्या दोन दिवसांत त्याने ठरवलंही होतं, की हेच वाचायचं. तो वाचत गेला. खाणावळीपर्यंत आला. "सकाळी त्याला जाग आली तेव्हा त्याच्या अंगावर निळा कोट होता," त्याने वाचलं. पुढचं वाक्य जहाजाचं होतं.

त्याला ते जमेना. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. इतकी वर्षं तो एकाच माणसाबद्दल बोलत आला होता, आणि त्या माणसाच्या घरापाशी आलं की वळसा घालून पुढे जायचं, हे आता त्याच्याच्याने होत नव्हतं. वळसा घालायलाही ताकद लागते. ती संपली होती. त्याने कागद खाली ठेवले आणि साध्या जर्मनमध्ये सांगितलं, की गाडी गावात परत आली तेव्हा दारात कोण उभं होतं.

त्याने आनाचं सगळं सांगितलं. बैल, गिरणीवाला, पोत्यांवर झोपलेलं मूल. चर्चने काय लिहून ठेवलंय ते आणि पुढचं घराण्यात सांगतात ते. याला कागदाचा आधार नाही, हेही सांगितलं. सूप वाढणाऱ्या लिझबेथपर्यंत आला तेव्हा सॉसेजवाल्यानेही चिमटा खाली ठेवला होता. मग तो परत कास्पारकडे वळला. विधिमंडळातलं भाषण सांगितलं, कायदा सांगितला. "हे वाक्य खोटं नाही," तो दगडाकडे बघत म्हणाला. "त्याला ते कुठून सुचलं, एवढंच मी सांगितलं. मला वाटतं, त्याने ज्या बाईसाठी कायदा केला, तिच्यापर्यंत तो पोचणार नाही हे त्याला माहीत होतं."

टाळ्या पडल्या, पण विखुरलेल्या. श्टोल्त्सेंनी हसून आभार मानले आणि बँडला खूण केली.

विनय खाली उतरला. संपदा त्याच्याकडे नुसती बघत होती. ती काही बोलणार, तेवढ्यात मिसेस रायडर आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. विनयला वाटलं, आता या चिडणार.

"पण ती मुलगी वारली होती," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्या घरात सगळ्यांना माहितेय. कास्पारला जर्मनीत एक मुलगी होती, ती तापाने गेली. त्याला ते कळलं तेव्हा तो दोन दिवस कोठारातून बाहेर आला नव्हता. माझे आजोबा सांगायचे."

समुद्राच्या दोन बाजूंना दोन घराण्यांनी एकाच खोट्याची दोन टोकं दोनशे वर्षं सांभाळली होती.

"चला," तो म्हणाला आणि त्यांना औषधाच्या दुकानाकडे घेऊन गेला.

दोघी बायका एकमेकींना भेटल्या. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला जर्मन. मध्ये पुण्याचा विनय, एकीचं दुसरीला सांगत. मिसेस रायडरनी कोठाराची गोष्ट पुन्हा सांगितली. फ्राउ हाबरमाननी मान हलवत ऐकलं.

"म्हणजे तो शिपाई निरोप घेऊन पोचला तर," त्या म्हणाल्या. "आम्हाला ते कधी कळलं नव्हतं."

मग त्या विनयकडे वळल्या. "यांना विचारा, तिकडच्या बायकोशी तो कसा वागला?"

विनयने विचारलं. मिसेस रायडरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं असावं, की काहीतरी चांगलं सांगायची संधी मिळाली. "फार चांगला," त्या म्हणाल्या. "बार्बरा शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती. विधिमंडळ सोडून तो घरी बसला. तिला भरवायचा, तिचे केस स्वतः विंचरायचा. आमच्याकडे अजून सांगतात."

विनयने हे जर्मनमध्ये सांगितलं. फ्राउ हाबरमान बराच वेळ चौकाकडे बघत राहिल्या. बँडवाल्यांनी पोल्का नाचाची चाल धरली होती.

"ना आल्झो, असं तर," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणजे सांभाळता येत होतं त्याला."

"काय म्हणाल्या त्या?" मिसेस रायडरनी विचारलं.

याचं भाषांतर विनयला करावंसं वाटेना. पण दोघीही त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याने केलं. मिसेस रायडरनी ऐकलं आणि हळूच फ्राउ हाबरमानच्या बाजूला पायरीवर बसल्या. दोघी तशाच बसून राहिल्या, एकमेकींना न धरता. थोड्या वेळाने फ्राउ हाबरमाननी विचारलं, त्यांना केक चालतो का. मग त्या दोघी चर्चच्या मागच्या घराकडे गेल्या. विनयला कुणी बोलावलं नाही. त्यांना आता त्याची गरज नव्हती.

परतीच्या गाडीत स्वराली खिडकीला डोकं टेकून झोपली. संपदा म्हणाली, "जागा गेली ना?"

"बहुतेक."

"वाईट वाटतंय?"

"उद्या वाटेल. आत्ता काहीच वाटत नाहीये."

"गेनाऊ, अगदी तसंच," संपदा म्हणाली आणि तिनेही डोळे मिटले.

श्टोल्त्से कधीच वाईट बोलले नाहीत. ऑगस्टमध्ये विनयच्या अर्जाला त्यांचं सभ्य उत्तर आलं, की संग्रहालयाची जागा अर्धवेळ करण्यात आली असून ती जिल्ह्याच्या सांस्कृतिक विभागातल्या एका अनुभवी व्यक्तीला देण्यात येत आहे. दगड जसा होता तसाच राहिला. फ्राउ हाबरमाननी दाढेबद्दल दोनदा फोन केला. मिसेस रायडर पुढच्या उन्हाळ्यात परत येणार आहेत, हेही त्यांनीच सांगितलं.

सप्टेंबर संपताना विनयने येनाची खोली रिकामी केली. पुस्तकांची खोकी पोस्टाने पाठवली, विद्यापीठातलं टेबल नवीन आलेल्या मुलीला दिलं. कास्पारवरचं पुस्तक छापायला गेलं, त्यात आनाचं एक प्रकरण होतं, कागद कमी असलेलं. प्रोफेसरांनी तिथे समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं. विनयने ते तसंच राहू दिलं आणि प्रकरणही राहू दिलं.

एश्बॉर्नला त्याला एका कंपनीत काम मिळालं. जुन्या फायली तपासून त्यांची वर्गवारी करायची. कंटाळवाणं होतं, पण पाच वाजता संपायचं. आपण इतिहासकार आहोत हे तो तिथे कुणाला सांगत नसे. कधी जेवणाच्या सुट्टीत खिडकीपाशी उभा राहिला, की आपण कुठूनतरी उतरवून ठेवल्यासारखे आहोत असं त्याला वाटे. मग सुट्टी संपे.

ऑक्टोबरच्या एका सोमवारी सकाळी संपदा उठलीच नाही. विनयने हात लावून बघितलं, तर अंगात ताप होता.

"डॉक्टरकडे जाऊ या का?" तो घाबरून म्हणाला. "कधीपासून आहे हे?"

"काल संध्याकाळपासून. साधाच ताप आहे रे." तिने पांघरूण वर ओढलं. "किती वर्षं झाली मी आजारी पडून."

"तुला कुठे काय होतं कधी?"

"व्हायचं. पडता येत नव्हतं." ती कुशीवर वळली. "आता तू आहेस. आता मी पडते आजारी. तू माझ्या ऑफिसला कळव, स्वरालीचा डबा बघ, आणि मला उठवू नकोस."

विनयने तिच्या ऑफिसला कळवलं, स्वतःची रजा टाकली. स्वरालीचा डबा भरताना त्याला काहीच सापडेना. ती शांतपणे एकेक कपाट उघडून दाखवत राहिली, "हीअर, पापा. हीअर." तिला शाळेत सोडून तो परत आला तेव्हा घर एकदम शांत होतं. त्याने मुगाच्या डाळीची खिचडी टाकली आणि कुकरच्या शिट्टीने संपदा उठेल म्हणून गॅस बारीक करून शेजारी उभा राहिला.

ती दुपारपर्यंत झोपली होती. दुसऱ्या दिवशीही.